मोतीबिंदू असताना फिल्ड टेस्ट खराब आली, काचबिंदू वाढला म्हणायचं का?

होटगी_रोडवाला:
नमस्कार मंडळी, डोळ्यांचं कुणाला कळत असेल तर जरा सांगा. आमचे आप्पा 71 वर्षांचे, टॉवेलच्या कारखान्यात मागांवर देखरेख करणारे जॉबर होते, आता घरीच असतात. काचबिंदू जुना आहे, दोन्ही डोळ्यांत रात्री एक ड्रॉप टाकतो, प्रेशर 14-15 च्या आसपास असतं म्हणून आम्ही तसे निवांत होतो. परवा फिल्ड टेस्ट, म्हणजे नजरेच्या टप्प्यात कुठं कुठं नीट दिसतं ते बघायची टेस्ट, केली तर रिपोर्ट एकदम पडलाच. डाव्या डोळ्याचा एमडी, म्हणजे कागदावरचा तो सगळ्या फिल्डचा मिळून एक आकडा, मागच्या वर्षी मायनस 4.2 होता तो मायनस 8.3 झाला, उजव्याचा मायनस 1.9 वरून मायनस 5.2. डॉक्टरांनी कागद हातात घेतला, काळं किती वाढलंय बघितलं आणि म्हणाले काचबिंदू वाढलाय, अजून एक ड्रॉप चालू करा, नाही थांबला तर काचबिंदूचं ऑपरेशन करावं लागेल. दोन मिनिटांत आम्ही बाहेर. घाबरून दुसरीकडं दाखवलं तर ते म्हणाले मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत चांगलाच वाढलाय, आधी तो काढा, फिल्डचं मग बघू. आता ऐकायचं कुणाचं?

आप्पांचं अजून तिसरंच. ते म्हणतात त्या डब्यात डोकं घातलं की निम्मे ठिपके दिसतच नाहीत, दिसला का नाही दिसला करेपर्यंत पुढचा येतो, मग मी आपलं अंदाजानं बटण दाबतो. अंदाजानं दाबत असतील तर त्या टेस्टला अर्थ काय राहिला ओ? मोतीबिंदूमुळं फिल्ड एवढी बिघडू शकते का, आणि बिघडत असेल तर त्यातला काचबिंदूचा वाटा किती हे ओळखायचं कसं?

जुळे_सोलापूरकर:
एवढं टेन्शन कशाला घेताय भाऊ, मोतीबिंदूच असणार. माझ्या सासऱ्यांचं सेम झालं होतं, मोतीबिंदू काढला आणि पुढची टेस्ट झकास आली. ड्रॉप-बिप सगळं नंतर बघा, आधी ऑपरेशन उरकून टाका. सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेआधी केलंत तर आप्पा होम मैदानावरचं दारूकाम बघायला येतील की.

चष्मेवाली_ताई:
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, रोज ह्याच मशीनवर पेशंट बसवते म्हणून सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिली गोष्ट, वरच्या दादांचं मोतीबिंदूचं बरोबर असेल पण "ड्रॉप-बिप नंतर" हे बिलकुल करू नका. चालू ड्रॉप बंद करायचा नाही, मोतीबिंदूची तारीख ठरली तरी डॉक्टर स्वतः सांगत नाहीत तोवर रोजच्यासारखा टाकायचा. दुसऱ्या ड्रॉपचं काय करायचं ते वेगळं, त्याबद्दल खाली लिहिते.

आता आप्पांची तक्रार. निम्मे ठिपके दिसत नाहीत ही तक्रार माझ्याकडं येणारा प्रत्येक माणूस करतो, अगदी ठणठणीत डोळ्यांचा तरुणसुद्धा. कारण मशीन तेच करायला बनवलंय. ठिपका दिसला की पुढच्या वेळी ते त्याच जागी अजून मंद ठिपका दाखवतं, नाही दिसला की जरा तेजस्वी दाखवतं, आणि असं करत करत जिथं निम्म्या वेळा दिसतो आणि निम्म्या वेळा नाही त्या काठावर येऊन थांबतं. मग निम्मे दिसणार नाहीतच ना! हे टेस्टच्या आधी पेशंटला नीट सांगितलं तर माणूस घाबरत नाही, पण गर्दीच्या ओपीडीत "हिरव्या लाइटकडं बघा, ठिपका दिसला की बटण दाबा" एवढंच सांगून दार लावतात. मशीनवरचा लाइट पिवळा असतो हा अजून एक विनोद.

मोतीबिंदूनं फिल्ड बिघडते का, तर हो, आणि चांगलीच बिघडते. तो ठिपका म्हणजे मशीनच्या आतल्या मंद उजेडाच्या वाटीवर 0.2 सेकंद चमकणारा बारका प्रकाश, आणि तो दिसतो तो फक्त आजूबाजूपेक्षा उजळ आहे म्हणून. मोतीबिंदूनं नुसता उजेड अडवला असता तर ठिपका आणि वाटी दोन्ही सारखीच मंद झाली असती आणि दोघांतला फरक बऱ्यापैकी टिकला असता. पण गढूळ लेन्स प्रकाश विखरून टाकते, ठिपक्याची कड पसरते आणि तो वाटीच्या उजेडात विरघळतो. खरी गोची ती आहे. मग प्रत्येक जागी ठिपका जास्त तेजस्वी करावा लागतो आणि डेसिबल, म्हणजे त्या जागी किती मंद ठिपका दिसतो त्याचं माप, खाली येतात. साधारण 3 डेसिबल खाली म्हणजे ठिपका दुप्पट तेजस्वी लागला, 10 खाली म्हणजे दहापट. आप्पांच्या उजव्या डोळ्यात 3.3 चा फरक आहे, म्हणजे मागच्या वर्षीपेक्षा सरासरी दुपटीहून जरा जास्त प्रकाश लागला.

फक्त हे सगळीकडं होतं, एका जागी नाही. आप्पा जॉबर होते म्हणून त्यांच्याच भाषेत सांगते, ट्यूबांवर कापसाची धूळ बसली की सगळं खातं मंद दिसतं, आणि एक ट्यूब उडाली की तेवढ्याच मागांवर अंधार होतो. मोतीबिंदू धुळीसारखा, काचबिंदू बहुतेक वेळा उडालेल्या ट्यूबसारखा. एमडी हा सगळ्यांचा मिळून एक आकडा असतो, त्यामुळं तो दोन्हीनं पडतो आणि कशानं पडला ते सांगत नाही. ग्रेस्केलचं, म्हणजे त्या काळ्या-करड्या चित्राचं पण तेच. ते बघून काचबिंदू वाढला म्हणणं घाईचं आहे, मग ते कुणीही म्हणो.

कागदावर त्याच्या खाली दोन नकाशे शेजारी शेजारी असतात. डावीकडं टोटल डेव्हिएशन, त्यात आप्पांची तुलना त्यांच्या वयाच्या निरोगी माणसाशी. उजवीकडं पॅटर्न डेव्हिएशन, त्यात मशीन आधी बघतं की ह्या माणसाचे चांगले बिंदूसुद्धा किती खाली आलेत, आणि तेवढी घट सगळीकडं भरून देतं. हे ठरतं वरून साधारण सातव्या नंबरच्या बिंदूवरून, सगळ्यात चांगला बिंदू एखाद्या वेळी चुकून चांगला आलेला असू शकतो ना म्हणून तो धरत नाहीत. भरून दिल्यावर जे काळं उरतं ते खड्ड्यांचं, म्हणजे काचबिंदूच्या कामाचं. डावीकडचा नकाशा काळाकुट्ट आणि उजवीकडचा बऱ्यापैकी स्वच्छ असेल तर घट मोतीबिंदूची असण्याची शक्यता जास्त.

तुम्ही एक करा, दोन्ही वर्षांचे कागद काढा आणि पीएसडी (फिल्ड किती खड्डेदार आहे त्याचा आकडा), व्हीएफआय (किती टक्के फिल्ड शाबूत आहे), जीएचटीची ओळ (वरचा आणि खालचा अर्धा ताडून मशीन देतं तो शेरा), फॉल्स पॉझिटिव्ह (ठिपका नसताना बटण दाबल्याचं प्रमाण) आणि प्युपिल डायमीटर (बाहुलीची रुंदी) एवढं लिहा इथं. नाव-गाव लिहू नका.

होटगी_रोडवाला:
ताई खूप खूप धन्यवाद, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आप्पांना ट्यूबचं सांगितलं तर म्हणाले "मग असं सांगायचं की आधी".

कागद काढलेत. डावा: पीएसडी 4.6 होता, आता 4.5. व्हीएफआय 90 टक्के, आता 88. जीएचटी दोन्ही वेळा आउटसाइड नॉर्मल लिमिट्स. पॅटर्नमध्ये वर नाकाच्या बाजूला काळे चौकोन आहेत, ते मागच्या वर्षी पण तिथंच होते, एखाद-दुसरा इकडं तिकडं. उजवा: पीएसडी 1.9, आता 2.0, व्हीएफआय 98, आता 97, जीएचटी मागच्या वेळी विदिन नॉर्मल होतं आणि आता जनरल रिडक्शन ऑफ सेन्सिटिव्हिटी लिहिलंय. हे वाचूनच आम्ही जास्त घाबरलो होतो. फॉल्स पॉझिटिव्ह 4 टक्के. प्युपिल मागच्या वर्षी 3.8 मिमी, ह्या वेळी 6.9. हे एवढं कसं वाढलं?

चष्मेवाली_ताई:
6.9 म्हणजे बाहुली मोठी करायचा ड्रॉप टाकल्यावर फिल्ड केलीय. आठवून बघा, आधी मोतीबिंदू तपासायला ड्रॉप टाकून बाहेर बाकड्यावर बसवलं असेल आणि वाट बघता बघता फिल्डवाल्यानं आत बोलवलं असेल. असं सर्रास होतं, आणि माझं डोकं उठतं त्यानं. बाहुली पसरली की लेन्सच्या कडेच्या भागातूनही प्रकाश येतो आणि नुसत्या तेवढ्यानं पण फिल्ड थोडी खाली येते. मागची टेस्ट साध्या बाहुलीवर आणि ही पसरलेल्या, म्हणजे दोन कागद लावून ताळा करायचा तर तुलनाच सरळ नाही. उलटं पण खरं आहे, बाहुली फारच बारीक असेल, 2.5 मिमीच्या खाली वगैरे, तरी फिल्ड पडते, बाहुली बारीक करणारे पायलोकार्पिनचे ड्रॉप घेणाऱ्या जुन्या पेशंटमध्ये हे दिसतं. आणि मोतीबिंदू मधोमध मागच्या बाजूला असेल, ज्यांना उन्हात अजिबात दिसत नाही पण संध्याकाळी बरं दिसतं तसला, तर बारीक बाहुलीत सगळा प्रकाश नेमका डागातूनच जातो, तिथं कधी कधी डॉक्टर मुद्दाम बाहुली मोठी करून टेस्ट करतात. मुद्दा एवढाच की दर वेळी सारखी ठेवा.

फॉल्स पॉझिटिव्ह 4 टक्के म्हणजे आप्पा अंदाजानं दाबत नाहीत, त्यांना तसं वाटतं फक्त. 15 च्या वर गेलं की मी शंका घेते.

उजव्या डोळ्यासमोरची ती इंग्रजी ओळ घाबरण्याची नाही. वरच्या आणि खालच्या अर्ध्यात काही फरक सापडला नाही पण सगळीच संवेदनशीलता खाली आलीय एवढाच तिचा अर्थ. मोतीबिंदूवाल्या पेशंटच्या कागदावर मी ती नेहमी बघते. डाव्यात एमडी 4 डेसिबलनं पडला, पण पीएसडी जिथल्या तिथं आणि व्हीएफआय 2 टक्केच खाली, कारण व्हीएफआय काढताना कुठले बिंदू बिघडलेत ते पॅटर्नवरून ठरवतात, म्हणून मोतीबिंदूचा धक्का त्याला कमी बसतो. खड्डा पण जुन्याच जागी. आकड्यांवरून तरी मला ही बरीचशी मोतीबिंदू अधिक पसरलेली बाहुली वाटते.

पण इथं थांबू नका. पहिले डॉक्टर चुकलेच असं मी म्हणणार नाही. काचबिंदूतही काही लोकांत सगळीकडून थोडी थोडी घट होते आणि पॅटर्नचा नकाशा ती पण मोतीबिंदूची समजून भरून काढतो, म्हणजे खरी घट लपते. फिल्ड खूपच गेलेली असेल, एमडी मायनस 20 च्या पुढं वगैरे, तर चांगला बिंदूच उरत नाही आणि पॅटर्नला काही अर्थ राहत नाही. आप्पांचं तसं नाही. तरी शिरेकडं बघितल्याशिवाय, म्हणजे डोळ्याच्या मागं जी नस दिसते तिची खोबण वाढलीय का, कडेला बारीक रक्ताचा डाग आहे का, हे कळल्याशिवाय दुसरा ड्रॉप नकोच असं कागदावरून कुणी सांगू शकत नाही. 14-15 प्रेशर पण सगळ्यांना पुरेसं असतं असं नाही, काहींना अजून खाली लागतं. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, शीर मागच्या वर्षीसारखीच आहे का, आणि बाहुली मोठी न करता फिल्ड परत करून घेऊ का. ह्यात राग येण्यासारखं काही नाही.

अक्कलकोट_नाका:
मग फिल्ड कशाला, ओसीटी, म्हणजे त्या शिरेचं स्कॅन, करून टाका की सरळ, त्यात बटण दाबायची भानगडच नाही. आमच्या काकांना तेच सांगितलेलं.

चष्मेवाली_ताई:
ओसीटी करायचाच, पण तो पण मोतीबिंदूतूनच आत बघतो ना दादा. लेन्स गढूळ असली की सिग्नल कमी येतो आणि शिरेचा थर आहे त्यापेक्षा पातळ दाखवतो. कागदावर सिग्नल स्ट्रेंग्थ लिहिलेली असते, बऱ्याच मशीनवर 10 पैकी, 6 च्या खाली असेल तर तो कागद मी तरी बाजूला ठेवते. मागच्या वर्षी 9 आणि आता 6 असेल तर "पातळ झालं" म्हणण्याआधी दहा वेळा विचार करायचा. मोतीबिंदू निघाल्यावर तोच थर जरा जाड झालेला दिसतो, तो काही वाढत नाही, नीट दिसायला लागतो एवढंच.

पूर्व_भागातली:
माझ्या आईचा किस्सा टाकते, बघा कुणाच्या कामी आला तर. आई आयुष्यभर विड्या वळत बसली, डोळे ताणून काम, त्यामुळं नीट दिसेना झालं तरी तिला वाटायचं कामानं थकलेत डोळे. तिला पण काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही. मोतीबिंदू काढल्यावर एकदम खूश झाली, सुईत दोरा ओवायला लागली. मग फिल्ड केली तर एमडी सुधारला, मायनस 9 चा मायनस 6 झाला, पण तो उजवीकडचा नकाशा आहे ना, तुम्ही पॅटर्न म्हणताय तो, तो आधीपेक्षा जास्त काळा! पीएसडी पण वाढला. माझा भाऊ दवाखान्यात भांडायला निघाला होता, ऑपरेशन करून काचबिंदू वाढवला म्हणून. डॉक्टरांनी समजावलं पण खरं सांगू का मला तेव्हा अर्धंच कळलं, ताई तुम्ही सांगाल का असं का होतं?

चष्मेवाली_ताई:
हा प्रश्न भारी विचारलात, कारण हे माहीत नसल्यामुळं खूप घरांत भांडणं होतात.

समजा आईच्या फिल्डमध्ये चांगली जागा 30 डेसिबलची आणि काचबिंदूचा खड्डा 5 चा. फरक 25. आता मोतीबिंदू आला, चांगली जागा 30 वरून 24 वर आली. खड्डा मात्र जवळजवळ तळालाच होता, तिथं नसच गेलेली, मोतीबिंदू त्याला अजून किती खाली नेणार, तो समजा 3 वर आला. फरक राहिला 21. म्हणजे मोतीबिंदूनं खड्डा उथळ दाखवला, आजूबाजूची जमीनच खाली नेऊन. ऑपरेशननंतर जमीन परत 30 ला, खड्डा परत 5 ला, फरक परत 25. एमडी सुधारला, पीएसडी वाढला, पॅटर्न काळा झाला, आणि काचबिंदू आहे तिथंच. हे आकडे समजायला घेतलेत, आईचे नाहीत. ऑपरेशननं काचबिंदू वाढवला नाही, आधी झाकलेला होता तो दिसला.

म्हणूनच मोतीबिंदू काढल्यावर जुन्या कागदांशी तुलना चालू ठेवायची नसते. डोळा शांत झाला, चष्म्याचा नंबर ठरला, की नव्यानं फिल्ड करायची, शक्यतो दोनदा, आणि ती नवी बेसलाइन, म्हणजे पुढची तुलना तिच्याशी. काचबिंदू वाढतोय का ते बघणारा मशीनमधला प्रोग्रेशनचा प्रोग्रॅम आपोआप जुन्याच टेस्ट धरतो, ऑपरेटरला हातानं नव्या निवडाव्या लागतात. आठवण करून द्या, मी पण पेशंटनं आठवण केली तर खूश होते. आणि काही महिन्यांनी, वर्षांनी परत धूसर व्हायला लागलं तर आत बसवलेल्या लेन्सच्या मागचा पडदा गढूळ झालाय का ते बघा, लेझरनं साफ होतो, पण तोही फिल्ड पाडतो.

जुळे_सोलापूरकर:
ताई म्हणजे ऑपरेशन करावंच की. माझं म्हणणं तेच होतं.

चष्मेवाली_ताई:
हो, पण फिल्ड सुधारायला म्हणून नाही, आप्पांना दिसायला त्रास होतोय का म्हणून. पेपर वाचता येतो का, संध्याकाळी गाडीच्या लाइटनं डोळे दिपतात का, हे विचारा. त्यात ज्यांचा काचबिंदू चिंचोळ्या कोनाचा असतो त्यांना मोतीबिंदू काढल्याचा प्रेशरला पण चांगला फायदा होतो, कारण जाडजूड झालेली लेन्स निघाली की आतली वाट मोकळी होते. तुमच्या आप्पांचा कोन उघडा की बंद ते फाइलवर लिहिलेलं असेल. ऑपरेशननंतर जे स्टिरॉइडचे ड्रॉप देतात त्यांनी काहींचं प्रेशर चढतं, काचबिंदूवाल्यांचं जास्त, म्हणून त्या काळात प्रेशर तपासून घ्यायला विसरू नका.

होटगी_रोडवाला:
कोन उघडा लिहिलंय. आणि पेपर आप्पा आता नुसता चाळतात, हेडलाइन वाचून ठेवून देतात, म्हणजे त्रास आहेच. अजून एक, दुसऱ्या डॉक्टरांकडच्या काउंटरवर भारीतली लेन्स घ्या म्हणत होते, मल्टिफोकल, लांबचं जवळचं दोन्ही चष्म्याशिवाय. घ्यावी का?

चष्मेवाली_ताई:
काचबिंदूनं फिल्डमध्ये खड्डा पडलेल्या डोळ्यात मी माझ्या घरच्यांना मल्टिफोकल घेऊ देणार नाही. ती लेन्स प्रकाश लांब-जवळ वाटून टाकते, त्यात कॉन्ट्रास्ट कमी होतो, आणि काचबिंदूत कॉन्ट्रास्ट आधीच कमी झालेला असतो. साधी मोनोफोकल आणि वाचायला चष्मा. पण शेवटी डॉक्टरांशी बोलून ठरवा, काउंटरवाल्याशी नको.

होटगी_रोडवाला:
ठीक आहे ताई. सोमवारी पहिल्या डॉक्टरांकडंच जातो, शिरेचं विचारतो आणि बाहुली मोठी न करता फिल्ड परत मागतो. टेस्टला आप्पांना त्यांचा चष्मा घालून बसवायचं का? त्यांचा दुहेरी काचेचा आहे.

चष्मेवाली_ताई:
दुहेरी चालत नाही, खालची काच मध्ये येते. चष्मा सोबत न्या फक्त, म्हणजे तिथला माणूस नंबर बघून मशीनमधली काच लावेल. वाटी 30 सेंटिमीटरवर असते, त्यामुळं आप्पांच्या वयाला लांबच्या नंबरवर प्लस 3.25 चढवतात. आणि सकाळची वेळ घ्या, एका डोळ्यानंतर पाच मिनिटं बाहेर बसवा, डाव्याची पाळी येईपर्यंत माणूस पेंगायला लागतो. पापणी खाली येत असेल तर टेप लावायला सांगा, नाहीतर वरचा भाग उगाच काळा येईल आणि आप्पांचा डाव्या डोळ्यातला खड्डा नेमका वरच आहे.